माझी नोंद नसल्याचा दाखला

मी जन्मलो आहे की नाही, याबद्दल पन्नाशीपर्यंत मला कधी शंका आली नव्हती. ती अमेरिकेतल्या वकीलबाईंना आली. वीस वर्षं त्या देशात राहून मी कर भरला, दारातला बर्फ उपसला, शेजाऱ्यांच्या कुत्र्यांची नावं पाठ केली. एवढं करून ग्रीन कार्डासाठी अर्ज केला, तर बाईंनी कळवलं की बाकी कागद उत्तम आहेत, फक्त आपला जन्म झाल्याचा पुरावा त्यात नाही. मी पासपोर्टकडे बोट दाखवलं. पासपोर्ट तुम्ही कोण आहात ते सांगतो, त्या म्हणाल्या, कुठे आणि कुणाच्या पोटी जन्मलात याचा मूळ कागद वेगळा लागतो.

मूळ कागद नसेल तर एक पळवाट होती. ज्या कचेरीत नोंद असायला हवी, तिथून ती नाही असं लिहून आणायचं. सोबत वयाने मोठ्या दोन नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं जोडायची, की हा इसम जन्मला हे आम्हाला प्रत्यक्ष ठाऊक आहे. थोडक्यात, पुरावा नसेल तर पुरावा नसल्याचा पुरावा. हे ऐकून माझी खात्री पटली की त्या खात्यात कुणीतरी सदाशिव पेठेतला माणूस बसलेला असणार. मुलाखत दोन महिन्यांवर होती. कंपनीचा व्हिसा त्याच वर्षी संपत होता आणि पुन्हा वाढणार नव्हता. कागद मिळाला नाही, तर बायकोची नोकरी, मुलीचं अर्धवट कॉलेज आणि गॅरेजमधली वीस वर्षांची अडगळ आवरून परत यायचं होतं. तीन आठवड्यांची रजा काढून मी एकटाच पुण्याला आलो.

पासपोर्टवर माझी जन्मतारीख एक जून आहे. महाराष्ट्रात माझ्या वयाच्या कुणालाही ती सांगितली की तो हसतो, कारण बहुधा त्याचीही तीच असते. शाळा जूनमध्ये उघडायची. हेडमास्तरांना मूल त्या दिवशी पुरेशा वयाचं हवं असायचं आणि बापाला ते लवकरात लवकर शाळेत बसलेलं हवं असायचं. दोघं मिळून तारीख ठरवायचे, मूल नुसतं शेजारी उभं असायचं. आमचा अर्धा वर्ग एकाच दिवशी जन्मला होता आणि मास्तरांना त्यात कधी काही विशेष वाटलं नाही. अमेरिकेतल्या ऑफिसात दर एक जूनला माझ्यासाठी केक येतो आणि मी हेडमास्तरांचं स्मरण करून मेणबत्ती विझवतो.

आई तेव्हा सिंहगड रस्त्यावरच्या फ्लॅटमध्ये एकटी राहत होती. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. ऐंशी ओलांडलेली, कानाने थोडी कमी आणि जिभेने मुळीच कमी नाही. सकाळच्या चहाला मी विषय काढला.

"पुरावा कशाला? मी होते ना तिथे," ती म्हणाली.

"आई, अमेरिकेला कागद लागतो."

"मग अमेरिकेला म्हणावं, मला फोन कर."

माझा जन्म तिच्या माहेरी झाला एवढं मला ठाऊक होतं. खराडीच्या पुढचं गाव. तिथे नोंद असेल का, असं मी विचारलं. "नाही," ती म्हणाली. "केलीच नव्हती." का नव्हती केली? "नव्हती केली," असं म्हणून तिने कपबशा मोरीत नेल्या आणि नळ पूर्ण सोडला. मी समजलो, जुन्या माणसांचा आळस. सरकारी काम म्हटलं की टाळाटाळ करायची आणि पन्नास वर्षांनी मुलाला विमानाने बोलावून घ्यायचं. असं मी तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलंही. तिने नळ बंद केला नाही.

ते गाव आता गाव राहिलेलं नाही. मामांच्या मळ्यात जिथे विहीर होती तिथे तेवीस मजले उभे आहेत आणि त्यांना इटलीतल्या कुठल्याशा तळ्याचं नाव आहे. ते नाव तिथल्या रहिवाशांना उच्चारता येत नाही, पण वॉचमनला येतं. गाव पालिकेत आलं तेव्हा ग्रामपंचायतीच्या जुन्या नोंदवह्याही टेम्पोत बसून शहराच्या कचेरीत आल्या. तिथे जन्म-मृत्यूच्या खिडकीपलीकडे एक चाळिशीच्या बाई बसत. टेबलावर डबा, पाण्याची बाटली, आणि समोर जो कुणी उभा असेल त्याच्याविषयी आधीच झालेलं मत.

"नोंद नसल्याचा दाखला हवा आहे," मी म्हणालो.

"नोंद नाही हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"आईने."

"नोंदवह्या त्यांच्याकडे असतात का?"

मी पासपोर्ट बाहेर काढला.

"मग शोधल्याशिवाय नाही असं कसं लिहून देणार? आधी शोधायचं, मग नाही म्हणायचं. पद्धत आहे."

"आणि सापडली तर?"

"तर आनंद माना. जन्मलात." त्यांनी अर्ज पुढे सरकवला. "आठ दिवसांनी या. अगोदर येऊन चौकशी केलीत तर दहा लागतात."

परदेशातून आलोय, रजा थोडी आहे, असं मी सांगून पाहिलं. बाईंनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आम्हीपण रजेवरच जाणार होतो," त्या म्हणाल्या, आणि माझ्या मागच्या माणसाला पुढे बोलावलं.

त्या आठ दिवसांत मी मामांकडे गेलो. हे आईचे थोरले भाऊ. पंच्याऐंशीच्या पुढचे, पण अजून पायजम्यावर कडक पांढरा शर्ट आणि पोर्चमध्ये रणगाड्याएवढी गाडी. प्रतिज्ञापत्र त्यांचं आणि आईचं, असं माझ्या डोक्यात होतं.

"लिही तुला काय पायजे ते," मामा म्हणाले. "मी सही करतो."

"मामा, खरं लिहायचं असतं."

"मग खरं लिही. मी काय नको म्हनतोय?"

मी जन्माचा महिना विचारला. मामांनी जरा विचार केला. "भुईमूग काढायला आलता," ते म्हणाले. ही तारीख अमेरिकेच्या फॉर्ममध्ये कुठल्या रकान्यात घालायची याचा मी विचार करत होतो, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "तुझ्या आईला इचारलंस का समदं?" विचारलं, पण सांगत नाही, असं मी म्हणालो. "हां," मामा म्हणाले आणि गाडीच्या काचेवरची धूळ रुमालाने पुसायला लागले. गाडी ड्रायव्हरने सकाळीच धुतली होती. तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नाही, मी पुन्हा म्हाताऱ्या माणसांच्या स्वभावावर जाऊन थांबलो.

नवव्या दिवशी खिडकीशी गेलो. बाईंनी मला ओळखलं आणि चक्क हसल्या.

"अभिनंदन. सापडलात."

जाड, कडा कुरतडलेली वही त्यांनी माझ्याकडे फिरवली. निळ्या शाईत बाळबोध अक्षर. वडिलांचं नाव बरोबर, आईचं नाव बरोबर, गाव बरोबर. खबर देणारे म्हणून आजोबांचं, म्हणजे आईच्या वडिलांचं नाव, तारीख जन्मानंतर तिसऱ्या दिवसाची. मुलगा. साल पासपोर्टवरचंच, फक्त महिना मार्च. बाळाच्या नावाचा रकाना रिकामा होता.

"बारशाच्या आधी नोंद झाली की नाव राहून जायचं," बाई म्हणाल्या. "निम्म्या वहीत नाहीये. आता मुदत वाढवून दिलीय, घालता येतं. हा अर्ज, तुमचा शाळेचा दाखला, आईची सही. तारखेत फरक पडतोय त्याचं एक प्रतिज्ञापत्र करा. दोन दिवसांत सरळ जन्मदाखलाच घेऊन जा. नसल्याचा दाखला कशाला पाहिजे मग?"

मला इतका आनंद झाला की त्यांना वाकून नमस्कार करायचाच बाकी होता. बाहेर येईपर्यंत मी मनाने मार्चमधला माणूस झालो होतो. माझा तापट स्वभाव, उन्हाळ्याची आवड, सगळ्याचा उलगडा झाल्यासारखं वाटलं. मुलगा झाला की पेढे वाटतात, तर माझे राहिले असतील म्हणून वाटेत अर्धा किलो पेढे घेतले. वकीलबाईंना फोनवरून मेसेज टाकला. बायकोलाही टाकला. तिने दोन अंगठे पाठवले.

घरी आल्यावर पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला आणि अर्ज आईपुढे धरला. "इथे सही कर. तू म्हणत होतीस नोंद केलीच नाही. केली होती. आजोबांनीच केली होती, तिसऱ्या दिवशी!"

तिने चष्मा लावला. अर्जाला वहीतल्या पानाची झेरॉक्स टाचलेली होती, ती आधी वाचली. बोटाने एकेक ओळ खाली येत वाचली.

"मार्च," ती म्हणाली. "शिमग्याच्या आधी."

"असेल."

"हा तू नाहीस."

मी हसलो. मला वाटलं, वयाचा परिणाम. तिने कागद नीट घडी करून टेबलावर ठेवला, त्यावर चष्मा ठेवला आणि मग सांगितलं, जितक्या थोड्या शब्दांत सांगता येईल तितक्या. माझ्या आधी एक मुलगा झाला होता. पहिला नातू म्हणून आजोबा हौसेने तिसऱ्याच दिवशी गावच्या नोंदी लिहिणाऱ्या पाटलाकडे जाऊन नोंद करून आले होते. बारशाची तयारी झाली होती, आत्या येऊन राहिली होती. अकराव्या दिवशी सकाळी तो गेला. मळ्याच्या कडेला पुरला. मी दुसऱ्या वर्षी झालो, तेव्हा आजोबांनी घरात बजावलं, की ह्याला कागदावर घालायचं नाही. लिहिलं म्हणून पहिला गेला, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. पाटील दोनदा विचारून गेला, तर त्याला चहा पाजून परत पाठवला. सरकारी वहीत नाव गेलं की पोर जगत नाही, हे आमच्या घराण्याचं आरोग्यशास्त्र.

"आणि शाळेत हे साल कसं पडलं?" मी विचारलं.

"तुझ्या वडिलांनी सांगितलं. वय पुरावं म्हणून सांगितलं, की दुसरं कशासाठी, मी विचारलं नाही."

शहाण्या माणसाने इथे गप्प बसावं. मी बसलो नाही. मला दोन महिन्यांवरची मुलाखत दिसत होती. मी आईला समजावून सांगितलं, की हे बघ, वाईट झालं, पण आता त्याला पन्नास वर्षं झाली. आईवडील तेच, गाव तेच, साल तेच, नावाची जागा रिकामी. कुणाचं काही जात नाही. आणि शेवटी म्हणालो, "त्याला आता त्या कागदाचा काय उपयोग?"

"तुझ्याजवळ पुष्कळ कागद आहेत," आई म्हणाली. "त्याच्याजवळ तेवढाच आहे."

तिने सही केली नाही. दुसऱ्या दिवशीही केली नाही. मी चिडलो, मुलीच्या कॉलेजचं सांगितलं, बायकोची नोकरी काढली, शेवटी माझ्या रक्तदाबाचाही उल्लेख केला. पन्नाशीचा माणूस अकरा दिवसांच्या मुलाशी कागदासाठी भांडत होता, आणि हरत होता. आज सांगायला लाज वाटते, पण तेव्हा मला त्याचा हेवाही वाटला. माझ्यासाठी आईने असं ठाण मांडल्याचं मला आठवत नव्हतं.

मग मी मामांना बोलावलं. मामा रणगाड्यातून आले, सोफ्यावर बसले, पेढा खाल्ला. "अगं, घाल की पोराचं नाव," ते म्हणाले. "कोन बघतंय?" लग्नानंतरची वर्षं पेठेतल्या शेजारणींत काढून आईची भाषा छापील झाली होती. ती त्या क्षणी गेली. "दादा, तू गप बस," ती म्हणाली. "तूच नेलंवतंस त्याला फडक्यात गुंडाळून. तू तरी असं बोलू नगंस." मामांच्या हातात दुसरा पेढा होता. त्यांनी तो परत पुड्यात ठेवला.

थोड्या वेळाने आईच म्हणाली, "मला ने त्या बाईंकडे. मी सांगते तिला."

सोमवारी आम्ही तिघं गेलो. मामांनी गाडी कचेरीच्या दारात, 'येथे वाहने लावू नयेत' या पाटीला टेकवून लावली. खिडकीशी आईला स्टूल मिळालं, मला आजवर मिळालं नव्हतं. तिने बाईंना सांगितलं, की ही नोंद ह्याची नाही, ह्याच्या भावाची आहे, तो गेला.

"मृत्यूची नोंद?" बाईंनी विचारलं.

"नाही केली."

"मग आजी, कचेरीच्या दृष्टीने तो आहे. पन्नाशीच्या पुढचा आहे. आणि हे," माझ्याकडे पेनाने दाखवत, "नाहीत. त्या जोडप्याच्या नावावर एकच मुलगा आहे आणि त्याला नाव नाही. यांची नोंद आढळत नाही असं मी लिहिलं, तर उद्या तपासणीत विचारतील, ही समोर दिसते ती कुणाची? काय सांगू?"

हे ऐकून मला संताप आला आणि हसूही आलं. ज्याला सरकारी वहीने मारलं असं आजोबा म्हणत, त्याला ती वहीच एवढी वर्षं सांभाळत होती. मी मात्र दोन खंडांत पायपीट करून, कर्ज काढून, टक्कल पाडून घेऊन, अजून व्हायचाच होतो.

"मग त्याचं नाव घाला," आई म्हणाली.

बाईंचं पेन थांबलं. "नाव घालायला शाळेचा दाखला लागतो, आजी."

"अकरा दिवसांचा होता."

बाई उठून आत साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. दहा मिनिटं काचेआडून हातवारे दिसत होते, बहुतेक बाईंचेच. बाहेर आल्या तेव्हा आवाज होता तसाच कोरडा होता. आईचं प्रतिज्ञापत्र चालेल, त्यांनी सांगितलं, मृत्यू माहीत असलेल्या एका वडीलधाऱ्याचं जोडा. नाव पडलं की ती नोंद त्याची झाली. मग यांची आढळत नाही असं सरळ लिहिता येतं. "समोरच्या गल्लीत नोटरी बसतात. जेवणाच्या सुट्टीच्या आत या."

नोटरीच्या टायपिस्टने नेहमीचा मजकूर मशीनवर घेतला होता: मी खाली सही करणार सत्य प्रतिज्ञेवर लिहून देते की. पुढचं आईने सांगितलं. "मला दोन मुलगे झाले." मी आयुष्यभर तिला नातेवाइकांत, शेजारात, दवाखान्यात एकच वाक्य बोलताना ऐकलं होतं, मला एकच मुलगा. टायपिस्टने न थांबता टाइप केलं. मामांनी त्यांच्या कागदावर सही केली, आणि पेन परत द्यायला विसरून तसेच गल्लीत जाऊन उभे राहिले.

पुढे तो नसल्याचा दाखला मुलाखतीत चालला. तिथल्या अधिकाऱ्याने त्याकडे जेमतेम पाहिलं, हे इथेच सांगून टाकतो, कारण मला तो भाग फारसा आठवतही नाही. आठवतं ते त्या दिवशी आम्ही सुट्टीच्या आत खिडकीशी परतलो ते. बाईंनी वही उघडली, पट्टी ठेवून ओळ धरली आणि विचारलं, "अपत्याचं नाव?"

आईने नाव सांगितलं. तिला आठवावं लागलं नाही. मी ते त्याआधी कधी ऐकलं नव्हतं, मामांनीही ऐकलं नव्हतं, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. ते इथे लिहिणार नाही. बाईंनी एकदा उच्चारून खात्री केली आणि रकाना भरला. आईने पुढे वाकून अक्षर पाहिलं आणि मान हलवली.

मग बाईंनी माझा अर्ज ओढला. "हे कितवं अपत्य?"

"दुसरं," आई म्हणाली.

मी माझ्या हाताने तिथे 'पहिले' असं लिहिलं होतं. बाईंनी त्यावर रेघ मारली, वर 'दुसरे' लिहिलं आणि अर्ज माझ्याकडे सरकवला. खाडाखोड झाली की शेजारी अर्जदाराची सही लागते. मी केली.